झाकणाखालची राखाडी रेघ

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत, खिडकीखाली, नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी एक लोखंडी धूड उभे आहे ना, ते म्हणजे मी. मी एक जुनी चक्की आहे. पण माझ्या पोटात आजवर धान्याचा एक दाणाही गेलेला नाही. मी दगड दळत असे. परवा तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या भांड्यात ओली छत्री उभी केली आणि कुणीतरी पेन्सिलीला टोक काढून भुसा माझ्यात झटकला. मला राग आला नाही. उलट तो भुसा कोणत्या झाडाचा असेल, याचाच मी दिवसभर विचार करत बसले. भोचकपणा माझ्या स्वभावातच आहे.

माझा जन्म पोलाद ओतणाऱ्या एका कारखान्यात झाला. माझे जाड भांडे, त्यात बसणारे वजनदार कडे आणि कड्याच्या आत बसणारा गोटा, ही तिन्ही एकाच दिवशी साच्यांत ओतली गेली. खालची मोटर भांडे जोरात हलवते, कडे आणि गोटा एकमेकांवर आदळतात आणि मध्ये सापडलेल्या दगडाची पावडर होते. कारागिराने चाचणीसाठी माझ्यात विटेचा तुकडा टाकला. तीन मिनिटांत त्याची मऊसूत भुकटी झाली. त्याने ती चिमटीत चोळून पाहिली, "झकास!" म्हणाला आणि केरात फेकून दिली. विटेत काय काय होते, हे त्याने पाहिलेही नाही. तेव्हापासून मला चुटपुट लागली, ती लागलीच.

लाकडी खोक्यात बसून मी दगड तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत आले. मला मागच्या बाजूची खोली मिळाली. तिथे धूळ ओढून घेणारी एक जाड नळी, नमुने वाळवायची एक भट्टी आणि नंबर टाकलेल्या कापडी पिशव्यांच्या रांगा होत्या. दारावर पाटी होती: 'अंगठी, साखळी, घड्याळ बाहेर काढून ठेवावे.' ही काही चोरांच्या भीतीने लावलेली पाटी नव्हती. दगडाच्या भुकटीत अंगठीचा एक बारीक कीस पडला, तरी टाकाऊ दगड कागदावर खजिना ठरतो, म्हणून ती लावली होती.

माझ्यावर काम करणाऱ्या बाईला सगळी प्रयोगशाळा मावशी म्हणे. तिच्याहून वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा मावशीच म्हणत. मावशीच्या कामाची एक पद्धत होती. एक नमुना दळून झाला की ती माझ्यात मूठभर स्वच्छ पांढरी वाळू टाकून मला फिरवी. आधीच्या दगडाची उरलीसुरली भुकटी वाळूबरोबर निघून येई आणि ती वाळू फेकून दिली जाई. मग ब्रश, मग हवेचा फवारा. शेवटी मावशी हातमोजा काढून उघडे बोट माझ्या कडेवरून फिरवी आणि ते आपल्या काळ्या एप्रनवर टेकवून पाही. एप्रन काळाच राहिला, तरच पुढची पिशवी सुटे. बावीस वर्षांत तिने हे बोट फिरवणे एकदाही चुकवले नाही.

पण मित्रांनो, माझे दुःख ऐका. दळायचे मी आणि उत्तर मिळायचे दुसऱ्यालाच! माझी भुकटी पुढच्या खोलीत गुंजकाकांकडे जाई. गुंजेपेक्षाही बारीक वस्तू तोलतात, म्हणून त्यांना सगळे गुंजकाका म्हणत. ते भुकटी शिशाबरोबर वितळवत, नंतर शिसे जाळून टाकत आणि मागे उरलेला मोहरीहूनही लहान मणी काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवत. त्यांच्या खोलीचे दार बंद असे. मी हजारो दगड दळले आणि त्यांतल्या एकाचाही निकाल मला कुणी आपणहून सांगितला नाही.

मग एक डोंगर आमच्याकडे येऊ लागला. म्हणजे डोंगर जागेवरच होता. त्याला यंत्राने खोल भोके पाडून दगडाच्या लांब कांड्या काढल्या जात. प्रत्येक कांडी उभी चिरून तिचा अर्धा भाग पेटीत जपून ठेवत आणि अर्धा पिशवीत भरून आमच्याकडे पाठवत. या कामावर एक भूवैज्ञानिक बाई होत्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. त्यांच्या बुटांना नेहमी लाल माती लागलेली असे आणि त्या बाहेरच्या पायपुसण्यावर इतका वेळ पाय घासत की मावशीला हसू येई.

एकदा चहा घेता घेता मावशीने त्यांना विचारले, "मॅडम, डोंगरात प्लॅटिनम आहे ना? मग काढा की बाहेर. सहा वर्षं झाली, अडलंय कुठे?"

"असणं वेगळं आणि परवडणं वेगळं, मावशी," मॅडम म्हणाल्या. "प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशी ही सहा भावंडं आहेत आणि ती बहुधा एकत्रच सापडतात. एक टन दगड फोडून त्यांचे चार-पाच ग्रॅम हाती लागले, तर खाण चालेल. एखादाच ग्रॅम निघाला, तर दगड फोडायचा खर्चही सुटणार नाही. शिवाय थर किती जाड, किती खोल, पाणी कुठून आणायचं, हे सगळं आहेच."

"टनाला चार ग्रॅम?" मावशीने कप खाली ठेवला. "म्हणजे ट्रकभर दगडात चमचाभरसुद्धा नाही!"

"म्हणून तर तुमची चक्की स्वच्छ हवी."

त्या दिवशी मी फुगून गेले. एका डोंगराचा प्रश्न माझ्या भांड्यातून सुटणार होता.

मावशीला तर या प्रश्नाची दुप्पट ओढ होती. तिचा धाकटा भाऊ त्याच डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीत घर बांधून राहिला होता. राहिला होता म्हणजे नावालाच. तो दूरच्या बंदरावर क्रेन चालवी आणि वर्षातून एकदा महिनाभर घरी येई. त्याची धाकटी लेक तो आला की आठवडाभर आईच्या मागे लपे आणि ओळख पटेपर्यंत त्याची रजा संपत येई. खाण निघाली, तर तिथे अवजड यंत्रे चालवणारी माणसे लागणार होती. भाऊ दर रविवारी फोनवर मावशीला एकच विचारी, "ताई, डोंगर काय म्हणतोय?"

आता माझ्या चुकीकडे येते. चूक मावशीची होती, असे ती म्हणे. पण ती घडली माझ्या अंगावर.

माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक खोबण आहे. तिच्यात रबराचा वॉशर बसतो, म्हणजे दळताना धूळ बाहेर उडत नाही. त्या वर्षी जुना वॉशर सैल झाला आणि नवा आला तो जरा बारीक निघाला. कडेने धूळ उडू लागली. खोलीत धुळीचा लवलेश न खपवणाऱ्या मावशीला चैन पडेना. शेवटी तिने डिंक आणला आणि वॉशर खोबणीत पक्का चिकटवून टाकला. धूळ थांबली. साहेब येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "मावशी, तुमची खोली म्हणजे दवाखाना आहे!" मावशी दोन दिवस खुशीत होती. पण वॉशर सैल होता, तेव्हा ती तो रोज काढून धूत असे. आता तो निघेना, म्हणून धुणे बंद झाले. आणि एका बाजूला डिंक नीट बसलाच नव्हता. तिथे वॉशरच्या मागे एक फट राहिली होती. ती माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

पुढच्याच आठवड्यात एका भंगारवाल्याने तपासणीसाठी मोटारींच्या धुराच्या नळीत बसवतात ती मातीची जाळी पाठवली. ही जाळी धुरातले विष कमी करते आणि त्यासाठी तिच्यावर त्याच भावंडांचा पातळ थर दिलेला असतो. डोंगरातल्या दगडाच्या कितीतरी पट धातू तिच्या एका तुकड्यात होता. अशा श्रीमंत नमुन्यानंतर मावशी एकदा नव्हे, तीनदा वाळू फिरवी. तिने तशी फिरवली. बोट फिरवले. एप्रन काळाच राहिला.

वॉशरच्या मागे मात्र जाळीची भुकटी जाऊन बसली होती. मला ती खुपत होती. आणि खरे सांगू? मला ती आवडलीही होती. जन्मभर माझ्याकडे आलेले सगळे पुढे गेले. पहिल्यांदाच काहीतरी माझ्यापाशी राहिले होते. आज त्याची मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या सर्वांत खोल भोकातल्या अकरा पिशव्या आल्या. एक नंबर सर्वांत वरच्या खडकाची, अकरा नंबर सर्वांत खालच्या. पण मावशी कधीच नंबराने दळत नसे. भट्टीत जी पिशवी आधी वाळेल ती आधी, असा तिचा शिरस्ता होता आणि तो क्रम ती वहीत लिहून ठेवी. तसे तिने दळले. प्रत्येक हिसक्याबरोबर वॉशरमागची थोडी थोडी भुकटी डोंगराच्या दगडात मिसळत गेली.

चार दिवसांनी गुंजकाका आपल्या खोलीतून अक्षरशः पळत आले. "नऊ! एका पिशवीत टनाला नऊ ग्रॅम! सरासरी चारच्या वर!"

मावशीने हातातला ब्रश खाली टाकला. बावीस वर्षांत तो पहिल्यांदाच जमिनीवर पडला. मला आनंद आवरत नव्हता, कारण निकाल माझ्यासमोर सांगितला गेला होता. बातमी संध्याकाळच्या आत वस्तीत पोचली आणि तिथून बंदरावर. मावशीच्या फोनमधून तिच्या भावाचा आवाज साऱ्या खोलीत घुमला, "ताई, आता बस्स झालं. सोमवारी राजीनामा देतो आणि येतो. पोरीला सांग, बाबा आता कुठे जायचा नाही!"

शुक्रवारी दुपारी मॅडम माझ्या खोलीत आल्या. त्या खूश असायला हव्या होत्या. पण त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. स्टुलावर बसून त्या कागद वाचू लागल्या.

"काही ताळमेळच लागत नाही, मावशी. एक नंबरच्या पिशवीत दोन ग्रॅम, दोन नंबरमध्ये सात, तीनमध्ये एक, चारमध्ये पाच. खडक तोच, रंग तोच, दाणाही तोच. मग धातू असा उड्या का मारतोय?"

मावशी टेबल पुसत होती. तिचा हात थांबला. तिने फडताळातून आपली वही काढली.

"मॅडम, मी विचारते तसं सांगा. सात नंबर?"

"नऊ."

"मग दोन नंबर सात ग्रॅम, ते सांगितलंत. अकरा नंबर?"

"सहा."

"चार नंबर पाच. पुढे आठ नंबर?"

"पाचाला जरा कमी. पण तुम्ही हा कुठला क्रम घेतलात?"

"हा माझा क्रम आहे," मावशी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "ज्या क्रमाने दळल्या, तो. आकडा दर वेळी उतरतोय, मॅडम. हे डोंगरातलं नाही. हे माझ्या चक्कीतलं आहे."

तिने माझे झाकण उलटे करून टेबलावर ठेवले. चाकूचे टोक वॉशरखाली घातले. डिंक करकरला आणि वॉशर सुटून आला. खोबणीत एक बारीक राखाडी रेघ होती. मावशीने त्या रेघेवरून बोट फिरवले आणि एप्रनवर टेकवले. काळ्या कापडावर राखाडी ठसा उमटला. मला त्या वेळी भंगारात जावेसे वाटले.

बोलणे ऐकून दारात आलेले गुंजकाका मावशीला धीर द्यायला म्हणाले, "अहो, लगेच सगळीकडे सांगायची घाई कशाला? पेट्यांमध्ये दगडाचे दुसरे अर्धे भाग आहेत. ते पुन्हा तपासू, मग बोलू. कदाचित डोंगरातही तेवढंच असेल."

"माझा भाऊ सोमवारी नोकरी सोडतोय, काका. त्याला तुमचं 'कदाचित' कसं देऊ?"

तिने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. सगळे सांगितले, डिंकसुद्धा वगळला नाही. पलीकडून भावाचा आवाज आला तो चढाच होता.

"तू तर म्हणायचीस, माझ्या चक्कीत दुसऱ्याचा कण राहत नाही!"

"म्हणायचे. राहिला. चूक माझी आहे."

"मग डोंगरात काहीच नाही?"

"ते मला माहीत नाही. आणि जे मला माहीत नाही, त्याच्या भरवशावर तू राजीनामा देऊ नकोस."

फोन तिकडून बंद झाला. मावशीने मान खाली घातली, वॉशर धुतला आणि साहेबांकडे जाऊन हीच हकीकत पुन्हा सांगितली. साहेब खूप बोलले. मग त्यांनी नवा नियम केला. तोवर फेकून दिली जाणारी पांढरी वाळू आता दर वेळी गुंजकाकांकडे तपासायला जाऊ लागली. वाळूत काही सापडले, तर चक्की अस्वच्छ.

पेट्यांमधले अर्धे दगड आले. मावशीने ते माझ्यातच दळले. दुसरी चक्की मागवा, असे तिने म्हटले असते तर मला वाईट वाटले असते. पण तिने तसे म्हटले नाही. वाळू शुद्ध निघाली. डोंगराचा निकालही आला. बहुतेक पिशव्यांत एक ग्रॅमहून कमी, एकीत जेमतेम दोन, आणि तो थरही वीतभर जाडीचा, खूप खोल. मॅडमनी अहवाल लिहिला: धातू आहेत, मात्र आजच्या घडीला खाण परवडणार नाही.

जाताना त्या माझ्या झाकणावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सहा वर्षांचं उत्तर 'नाही' आलं," त्या मावशीला म्हणाल्या. "पण ते खरं आलं. खोटं 'हो' मिळालं असतं, तर डोंगर फोडून झाल्यावर कळलं असतं."

पुढे आठ महिने मावशीचा भाऊ तिच्याशी बोलला नाही. रविवारी मावशी फोन समोर ठेवून एप्रनला इस्त्री करत बसते, असे ती गुंजकाकांना सांगत होती. मग एके दिवशी दुपारी दार वाजले. रजेवर आलेला भाऊ रुमालात काहीतरी बांधून उभा होता.

"माझ्या घरामागचा दगड आहे," तो म्हणाला. "सगळ्यांचे दगड दळलेस. हा दळ."

मावशीने दारावरच्या पाटीकडे बोट दाखवले. त्याने मुकाट्याने अंगठी काढून बाहेर ठेवली. मग मावशीने त्याला जवळ बोलावले. वॉशर उचलून दाखवला. खोबण धुतली. वाळू फिरवली आणि ती वेगळ्या पुडीत बांधली. नंतर आपले बोट पुढे न करता तिने भावाचा हात धरला आणि त्याचे बोट माझ्या खोबणीतून सगळीकडे फिरवले. त्याने ते तिच्या एप्रनवर टेकवले. एप्रन काळाच राहिला. मग तिने त्याचा दगड माझ्यात टाकला. इतक्या जिवापाड मी कधी दळले नव्हते. त्या दगडात काहीतरी निघावे, असे मला फार वाटत होते. पण चक्कीला वाटून काही होत नाही, आणि होऊही नये.

तीन दिवसांनी भाऊ पुन्हा आला. गुंजकाका स्वतः कागद घेऊन माझ्या खोलीत आले. त्यांनी नुसती मान हलवली. भावाने कागद हातात घेतलाही नाही. तो मावशीकडे पाहत म्हणाला, "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर आणखी चार ठिकाणी दगड घेऊन फिरलो असतो. तू दळलास ना, ताई? मग नाही म्हणजे नाही." मावशीने तोंडाला एप्रन लावला आणि ती रडली. रजा संपल्यावर भाऊ बंदरावर परत गेला. त्याची लेक पुढच्या वर्षीही दारामागे लपली असेल. त्याचे मला अजून वाईट वाटते.

पुढे माझी मोटर थकली, नवी चक्की आली आणि मी गोदामात पडले. दहा वर्षे मला कुणी उघडले नाही. शाळेला देऊन टाकायचे ठरले, तेव्हा निवृत्त झालेली मावशी मुद्दाम आली. तिने माझा वॉशर काढला, धुतला आणि डिंक न लावता तसाच बसवला. म्हणून तो आजही सहज निघतो.

तेव्हा मित्रांनो, माझ्यात छत्री ठेवायची तर ठेवा. फक्त एकदा माझे झाकण उलटे करा, वॉशर उचला आणि त्याच्या मागून बोट फिरवा. मग ते बोट सगळ्यांना दिसेल असे वर धरा. स्वच्छ निघाले तरी धरा, आणि राखाडी निघाले तरीही धरा.